अकरा दिवसांचं एक वचन

नाही, पण मला एक सांगा, आपण भरलोय हे फोननं माणसाला कसं सांगायला पाहिजे? माझं काम फ्रिज दुरुस्तीचं. फ्रिज बिघडला की तो सांगतो. पाणी सोडतो, घरघरतो, दूध नासवतो, अख्ख्या घरात वास सुटतो, मग घरातली बाई नाकाला रुमाल लावून फोन करते की मिस्त्री, असाल तसे या. ह्याला म्हणतात बिघडणं. आणि फोन? वरच्या कोपऱ्यात एवढीशी पट्टी येते, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, आपण डोळे बारीक करेपर्यंत ती निघूनही जाते. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. वाचता येतं मला, पण सावकाश, ओठ हलवत. दोन सेकंदांत मी काय वाचणार? मला वाटलं, असेल कसलीतरी जाहिरात.

आणि वर ताई म्हणते, "तू वाचत नाहीस रे, नुसता बघतोस." सख्खी मोठी बहीण. आता हे ऐकून घ्यायचं? रोज वाचतो हो मी. एक दिवस चुकलेला नाही.

थांबा, नीट सांगतो. आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, तरुण आहेत, दाढी कोरलेली, घड्याळात पावलं मोजतात. ते एका रविवारी म्हणाले, "पूर्वी लोक सकाळी उठून बायबल उघडायचे. आता उठून फोन उघडतात. ठीक आहे, मग आपण फोनमध्येच बायबल ठेवू." आणि त्यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. सकाळी सहाला बायबलातलं एक वचन येणार. सगळ्यांना तेच. एक मंडळी, एक वचन. म्हणजे कसं, सुतार असो, डॉक्टर असो, कुणी कुठेही असो, त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात एकच ओळ. खाली एक छोटी ज्योत, ज्योतीत आकडा. आज वाचलंत की आकडा एकानं वाढणार, एक दिवस चुकलात की ज्योत विझणार आणि पुन्हा शून्य.

माझ्या ज्योतीत आत्ता दोनशे चौदा आहेत. विझू दिली नाही मी. तापात वाचलं, एका घराच्या गच्चीवर फ्रिज पाठीला बांधलेला असताना वाचलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आहे ना. मला सांगा, माझ्यासारख्यानं विचारायचं कुणाला? वडील मी दहा वर्षांचा असताना गेले. मालक सांगतात ते गॅसच्या प्रेशरबद्दल, आयुष्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "आधी तो कॉम्प्रेसर उतरव." ताईला विचारावं तर ती उत्तर देत नाही, ती उलटतपासणी घेते. मग हे वचन यायचं ना सकाळी, ते मला असं वाटायचं की कुणीतरी उशाशी बसून सांगतंय, आज असं कर. आणि मी करायचो. अगदी तसंच करायचो. एकदा आलं की मऊ उत्तरानं राग शांत होतो. त्याच दिवशी एक बाई माझ्यावर अशा भडकल्या की बंद फ्रिजसुद्धा गार पडला असता, मी मऊ बोललो, त्यांनी चहा दिला. एकदा आलं की काय नेसू-पांघरू याची काळजी करू नका. मी इस्त्री न करता कामावर गेलो. मालक म्हणाले, "अंथरुणातून थेट आलास का?" तर असं कधी फायदा, कधी तोटा. पण तोट्याचा दोष मी कधी वचनाला दिला नाही. रोज वाचत गेलो.

आता मूळ गोष्ट. ती आमच्या मंडळीतलीच, बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसायची, आणि काम करायची एका नर्सिंग होममध्ये, नर्स म्हणून. तिथला औषधांचा फ्रिज माझ्याकडे. जुना आहे, महिन्याला एकदा तरी रुसतो. मी जायचो, ती दार उघडून उभी राहायची, लसी काढून बर्फाच्या डब्यात ठेवायची, मी मागून पत्रा काढायचो. असं आमचं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे ती बोलायची, मी पत्रा काढायचो.

अडचण काय, की नर्सला सगळे सिस्टर म्हणतात. मीही सहा महिने तिला सिस्टर म्हणत होतो. तुम्हीच सांगा, सिस्टर म्हणून हाक मारायची आणि मनात ते दुसरं ठेवायचं, कसं जमावं माणसाला? मग तिनंच एकदा "तू" म्हणायला सुरुवात केली. मला ना "तू" म्हणवेना, ना "तुम्ही". मग मी दोन्ही टाळून बोलायला लागलो. चहा झाला का. ड्यूटी संपली का. पाऊस आहे, छत्री आहे ना. बघा, ह्यात कुठे तू नाही, तुम्ही नाही. अख्खा उन्हाळा मी असा काढला. एक दिवस ती म्हणाली, "मला हाक मारायची झाली तर काय करशील रे? खोकशील?" मी खरंच खोकलो.

तर एका मंगळवारी फ्रिजचा थर्मोस्टॅट गेला. मी गुडघ्यावर बसलोय, तोंडात स्क्रू धरलाय, आणि ती मागून म्हणते, "मला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. पुढच्या शनिवारी जातेय."

मी म्हटलं, "हं." तोंडात स्क्रू होता.

"तिथं हॉस्पिटलच्या समोरच फ्रिज-एसीचं वर्कशॉप आहे. मी विचारून ठेवलंय, त्यांना माणूस हवाय. तू येशील? तिकडे बस्तान बसलं की दोन्ही घरी सांगू."

तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यात मला इतकं स्पष्ट कुणी काही विचारलेलं नाही. दोन्ही घरी सांगू. म्हणजे लग्नच की हो. तिनं एवढं सगळं स्वतः ठरवलं, वर्कशॉपसुद्धा शोधलं, माझ्यासाठी फक्त एक शब्द शिल्लक ठेवला होता. हो किंवा नाही. आणि मी काय म्हणालो असेन?

मी तोंडातला स्क्रू काढला आणि म्हणालो, "वाचून सांगतो."

ती हसली. वाईट नाही हसली, खरंच हसली. म्हणाली, "बरं. वाचून सांग. मीही तेच वाचते रोज. बघू देव आपल्याला काय सांगतोय."

आता बघा. बुधवारी सकाळी सहा वाजता मी हात जोडून बसलो, फोन उघडला. वचन काय? स्तोत्रातलं. धीर धर आणि परमेश्वराची वाट पाहा, अशा अर्थाचं. मी म्हटलं, ठीक. पहिल्याच दिवशी घाई करू नये, बरोबर आहे. ज्योत एकानं वाढली.

गुरुवारी उघडला. तेच. धीर धर, वाट पाहा.

शुक्रवारी. तेच.

माझ्या अंगावर काटा आला. कारण बायबलात तो मुलगा आहे ना, मंदिरात झोपलेला, ज्याला देव एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि त्याला वाटतं म्हातारे पुरोहित बोलावतायत. तीन हाका झाल्या तेव्हा पुरोहितांना कळलं की हा देव बोलावतोय, आणि तेवढ्यावर त्या मुलाचं पुस्तकात नाव आलं. माझ्या बाबतीत शनिवारी चौथ्यांदा. मध्ये रविवार आला, पण त्या दिवशी एका आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीझर बंद पडला, मी उपासनेला नव्हतो. ज्योत वाढतेय, वचन तेच. सोमवार, मंगळवार... आता याच्याहून स्पष्ट देवानं काय करायचं? घरी येऊन दार वाजवायचं?

आणि खरं सांगू? सांगतो, आता काय लपवायचं. मला बरं वाटायचं. सकाळी फोन उघडताना छातीत धडधडायचं, की आज "जा" आलं तर? दुसरं शहर, नवीन वर्कशॉप, नवीन माणसं, त्यांच्यासमोर बोलायचं, तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर बसायचं... आणि मग ते दिसायचं, वाट पाहा, आणि धडधड थांबायची. मी चहा घ्यायचो. तो चहा मला गोड लागायचा. आता आठवलं की लाज वाटते. पण रोज वाचत होतो की नाही? एक दिवस चुकलेला नाही.

शुक्रवारी, म्हणजे तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, तिचा फोन आला.

"आजचं वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय. लिहिलंय तसंच करायचं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे... इतकं स्वच्छ सांगितल्यावर आपण वेगळं काय करणार?"

पलीकडे तिनं नाक ओढलं. म्हणाली, "मला वाटलं होतं तू अजून महिनाभर घेशील." आवाज ओला. मला वाटलं, वाईट वाटलंय तिला, साहजिक आहे, मलाही वाटतंय. मग म्हणाली, "उद्या अकराला. बसस्टँड, फलाट तीन. उशीर करू नकोस." मी म्हटलं, "बरं." मला वाटलं, निरोपाची वेळ सांगतेय. ती पुढे जाणार, मी इथं धीरानं वाट पाहणार, वर्षभरात काहीतरी मार्ग निघणार, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आणि चार लोकांत निरोप देणं मला जमलं नसतं हो. मला लगेच रडू फुटतं. म्हणून मी शनिवारी सकाळी दहाचं काम घेतलं. मुद्दाम.

काम एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे. गॅस गळत होता. मी फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे शिरलो, एका हातात पेटती बत्ती, दुसऱ्या हातात तांब्याची नळी. जोड झाळायला घेतला की मध्ये सोडता येत नाही, फ्रिजवाल्यांना विचारा. फोन ओट्यावर. वाजला. पुन्हा वाजला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा बाई म्हणाल्या, "अरे, कुणीतरी तळमळतंय. उचलू का?"

मी मागून ओरडलो, "उचला, सांगा थोडं थांबायला."

आणि बाईंनी फोन उचलून शाळेच्या प्रार्थनेत शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तो फ्रिजच्या मागे आहे. तुम्हाला वाट पाहायला सांगतोय."

पलीकडून काय विचारलं मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "किती वेळ ते मला कसं कळणार? धीर धरा."

धीर धरा. मी तर बाईंना एवढंच सांगितलं होतं, की थोडं थांबायला सांगा.

संध्याकाळी पाचला तिनं माझा फोन उचलला. त्याआधी मी नऊ वेळा लावला होता. बस चालू असल्याचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. अगदी ड्यूटीवर बोलते तशी बोलत होती, रुग्णाच्या नातेवाइकाला रिपोर्ट सांगावा तशी.

"दोन तिकिटं काढली होती. खिडकीची तुला ठेवली होती. कंडक्टर दोनदा खाली उतरून आला. म्हणाला, 'ताई, येतायत का तुमचे मिस्टर? बस सोडायचीय.' मी म्हटलं, येतायत. अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत मी सगळ्या बसला थांबवलं. मग एक म्हातारे मागून म्हणाले, 'अहो, ज्याला यायचं असतं तो आधी येऊन बसतो.' मग मीच म्हटलं, सोडा."

तुमचे मिस्टर, म्हणाला तो. आणि ती येतायत म्हणाली. आदरानं. मी तिला धड तू म्हणू शकलो नव्हतो.

मी म्हटलं, "पण वचन... वाट पाहा म्हणून..."

"कुठलं वाट पाहा?"

"हेच. रोजचं. धीर धर, वाट पाहा."

ती म्हणाली, "ते मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारचं आहे."

"नाही, रोज तेच येतंय. अकरा दिवस."

"अकरा दिवस तुला एकच वचन आलं? आणि तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. मला वाटलं, जोर देतोय."

बसचा हॉर्न ऐकू आला. मी विचारलं, काल काय होतं मग? तर काल होतं त्या विधवा सुनेचं, जी म्हणते मी मागे फिरणार नाही, तुम्ही जाल तिथं येणार. आता मला सांगा, ते ती सासूला म्हणते हो. सासूला. पण तिनं शुक्रवारी सकाळी ते वाचलं आणि तिला वाटलं, मीही तेच वाचतोय. आणि मी म्हणालो, लिहिलंय तसंच करायचं. तिनं जाऊन दोन तिकिटं काढली.

मी म्हटलं, "फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. मी उद्या येतो. पहिल्या बसनं येतो."

ती म्हणाली, "फोनचं सोड. मी तुला विचारलं होतं. देवाला नव्हतं विचारलं."

मी म्हटलं, "पहिली बस सहाला असते."

मग शेवटी म्हणाली, "आता नको येऊस. आता आलास तर तू आपण होऊन आलास, की सकाळी तसं वाचलंस म्हणून आलास, हे मला जन्मभर कळणार नाही." आणि फोन ठेवला. हळूच ठेवला. तिच्या ठेवण्यातसुद्धा राग नव्हता. राग असता तर काही आशा होती.

रविवारी ताईनं माझा फोन हातात घेतला. अर्ध्या मिनिटात म्हणाली, "अरे, हा गच्च भरलाय. आत काही येणारच नाही. कशानं भरलास?" कशानं? कॉम्प्रेसरच्या पाट्यांचे फोटो. प्रत्येक कॉम्प्रेसरच्या पोटावर पाटी असते, नंबर असतो, तो मी काढून ठेवतो, पुढे लागला तर. तीन वर्षांचे चार हजार फोटो. आणि मंडळीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी येतात ती फुलांची, उगवत्या सूर्याची चित्रं, सुप्रभात, देव तुम्हाला आशीर्वाद देवो. दोन हजार सुप्रभात. आत इतकं मंगल भरलं होतं, की खऱ्या वचनाला पाय ठेवायला जागा नाही. आणि ॲप काय करायचं, नवीन आलं नाही की जुनंच पुढे करायचं आणि वर ज्योत वाढवायचं. शाबासकी द्यायचं. आज वाचलंत, छान.

ताईनं सगळं पुसलं. फोन थरथरला आणि मागची दहा वचनं आणि त्या दिवशीचं एक, अशी एकामागून एक खाली उतरली. मी पलंगाच्या कडेवर बसून सगळी वाचली, सावकाश, ओठ हलवत. ऊठ आणि निघ, असं एक होतं. भिऊ नको, मी बरोबर आहे, असं एक. एक होतं की बोलणं सरळ ठेवा, हो तर हो आणि नाही तर नाही. ते गुरुवारचं. गुरुवारी मी मालकांचा एक जुना फ्रिज रंगवत होतो.

ताईनं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा उलटतपासणी घेतली नाही. नुसतं विचारलं, "समज, फोन चांगला असता. समज, 'जा' आलं असतं. गेला असतास?"

मी म्हटलं, "गेलो असतो की."

ती म्हणाली, "मला सांगू नकोस. स्वतःला सांग."

मी स्वतःला सांगितलं. तुम्हाला सांगतो, माझ्यावर माझाच विश्वास बसला नाही.

महिना झाला. त्या वर्कशॉपवाल्यांनी दुसरा माणूस घेतला, असं कळलं. मी तिला एक मेसेज पाठवला, स्वतः लिहून. चार ओळी लिहायला दोन तास लागले. त्यात कुठलं वचन नाही, नुसतं, माझं चुकलं, मला यायचं होतं, मी घाबरलो. आणि पहिल्यांदाच "तू" असं लिहिलं. तिनं वाचला. दोन दिवसांनी उत्तर आलं. "बरं वाटलं. नीट राहा." नर्स डिस्चार्ज देताना म्हणते ना, तसं. मी ते पन्नासदा तरी वाचलं असेल, त्याच्यात आत काही आहे का म्हणून. नाही. बरं वाटलं आणि नीट राहा, एवढंच आहे.

मग मी पाळकांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी उठून कपाटातून एक छापील बायबल काढलं, काळं, जाडजूड, कोपरे झिजलेलं. म्हणाले, "हे घे. ह्यात मेमरी भरत नाही." मी विचारलं, "पण ह्यात आजचं कुठलं ते कसं कळणार?" ते म्हणाले, "ह्यात आजचं असं काही नसतं. पहिल्या पानापासून सुरू कर आणि पुढे जात राहा. मध्ये काही सोडू नकोस."

आता मी सोडणाऱ्यांतला नाही. तसाच वाचतोय. रोज वाचतो, एक दिवस चुकलेला नाही. पण सध्या आलोय वंशावळीत. पानंच्या पानं, दुसरं काही नाही. अमक्याला अमका झाला, अमक्याला तमका झाला, तमक्याला मुलं झाली, मुली झाल्या. मला नावंही नीट वाचता येत नाहीत त्यांची. आज सकाळी मी बोट ठेवून ठेवून शेवटपर्यंत गेलो. मार्गदर्शन म्हणाल तर एवढंच मिळालं, की अख्ख्या यादीत बिनलग्नाचा एकही माणूस नाही.